गोफणीचा गोटा आणि लोणारची धूळ

(दृश्य: लोणारजवळचं वावर. धुऱ्यावरचा माणूस गोफण फिरवतोय.)

बुलढाणा जिल्हा. ज्वारी हुरड्यावर आली की पाखरं तुटून पडतात, मग गोफण निघते. समजा, गोटा सेकंदाला २५ मीटर वेगानं, ४५ अंशांत सुटला. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर साडेतीन सेकंदांच्या आसपास तो ६४ मीटरवर पडेल.

हाच माणूस चंद्रावर नेऊ. गोट्याचा आडवा वेग दोन्हीकडे सारखाच. फरक पडतो तो वर जाणाऱ्या वेगात. पृथ्वी दर सेकंदाला त्यातून ९.८ मीटर काढून घेते, चंद्र जेमतेम १.६. म्हणून गोटा जवळजवळ २२ सेकंद खाली येतच नाही, आणि तेवढा वेळ पुढे सरकत राहतो. पडतो ३८६ मीटरवर. उंचीही १६ ऐवजी ९६ मीटर. कमानीचा आकार मात्र तोच, नुसती सहापट मोठी. सगळ्यात लांब जायचा कोनही ४५ अंशच. आणि पडतानाचा वेग? तोच, २५. चंद्रावर पाखरं नाहीत, हे बरंच.

१९७१ मध्ये अपोलो १४ च्या ॲलन शेपर्डनं तिथं गोल्फचे दोन चेंडू मारले. दुसरा मैलोन् मैल गेला, असं तो म्हणाला. छायाचित्रं पुढे तपासली, तेव्हा अंतर निघालं ४० यार्डांच्या आसपास! अवजड सूटमुळे त्याला एकाच हातानं मारावं लागलं होतं. गुरुत्व कमी असलं तरी सुरुवातीचा वेग हातातूनच यावा लागतो.

(दृश्य: सरोवराचा काठ.)

इथं तो वेग अशनीच्या आघातानं दिला. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला, काळा बसाल्ट उसळला आणि बराचसा काठापासून दीड किलोमीटरच्या आतच पसरला. चंद्रावरही बसाल्ट आहे. टायको विवरातून उडालेल्या मालाचे पट्टे तिथं १५०० किलोमीटरांहून लांब गेलेत. टायको ८५ किलोमीटर रुंद, त्यामुळे थेट तुलना नको. पण काठावरून उडालेला जो दगड इथं एक किलोमीटरवर पडला, तो चंद्रावर त्याच वेगानं, त्याच कोनात निघाला असता तर सहा किलोमीटरवर गेला असता.

धूळसुद्धा. हवाच नाही, म्हणून ती तरंगत नाही, दगडाच्याच कमानीनं जाते. अपोलो १६ च्या गाडीची चित्रफीत बघा: चाकांमागे फुफाटा उठत नाही, माती कमान करून सरळ खाली येते.