पथकाचं नाव, चॅनेलची चावी

(हर्णै बंदर, जुलै. वर ओढलेल्या होड्या. मागे समुद्रात सुवर्णदुर्ग.)

१ जूनला मासेमारी बंद झाली की ३१ जुलैपर्यंत हर्णैचा किनारा असा दिसतो. होड्या वर ओढून शाकारलेल्या, इंजिनं उतरवलेली, जाळी पडवीत. एरवी संध्याकाळच्या लिलावात इथं शेजारच्याचं बोलणं कानावर येत नाही. बंदीच्या दोन महिन्यांत मात्र खलाशी पोरं घरी असतात, आणि दिवेलागणीनंतर या पट्ट्यातल्या वाड्यांमधून बेंजोचा आवाज यायला लागतो. गणपतीची तालीम असते.

(जाळ्यांची शेड. बेंजोवरची बोटं, अगदी जवळून.)

लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातानं तारा छेडायच्या. बटण दाबलं की खालची पट्टी तारेवर बसते आणि सूर बदलतो. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ताईशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं, त्याच घराण्यातलं हे वाद्य. आपल्याकडे ते बुलबुल तरंग म्हणून रुळलं. पुढे त्याला तारांचा आवाज पकडणारा पिकअप बसला, वायर ॲम्प्लिफायरला जोडली गेली आणि कोकणानं त्याला बेंजो म्हणायला सुरुवात केली. या बेंजोची मधली चार-पाच बटणं बघा. रंग पार उडालाय, वर बोटांचे खळगे पडलेत. हळदीची गाणी तिथंच वाजतात.

साथीला ढोल, ताशा, ट्रिपल. ऑक्टोपॅडच्या, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याच्या, स्टँडमागे आज नवा मुलगा उभा आहे. त्याच्या आधी तिथं जो उभा असायचा, त्याच्यापासून एका बेंजो पथकाच्या यूट्यूब चॅनेलवरून झालेल्या वादाची ही हकिगत सुरू होते.

(टेम्पो. बाजूवर रंगवलेली अक्षरं, धूसर केलेली.)

पथकाचं नाव आम्ही झाकलं आहे. वाद मिटत आलाय. नाव दाखवलं तर उद्या पुन्हा कोणीतरी एका बाजूनं उभं राहील, आणि ते इथं कोणालाच नको आहे.

नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत वाजवायला म्हणून वाडीतली पोरं एकत्र आली. वर्गणी काढून पहिला ॲम्प्लिफायर घेतला. मग आसपासच्या गावांतून हळदीची बोलावणी येऊ लागली, गणपतीचं आगमन, विसर्जन, सत्यनारायणाच्या पूजा. एका हळदीत ऑक्टोपॅडवाल्यानं फोन बांबूला बांधला, चित्रण केलं आणि आपल्या जीमेलवरून यूट्यूबवर टाकलं. तेव्हा ते कोणाला फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं. रात्री वाजवून आल्यावर बाकीचे झोपायचे, हा पहाटेपर्यंत व्हिडिओ जुळवत बसायचा. फोन स्वतःचा, नेट स्वतःचं. फेसबुकचं पेज त्यानंच काढलं, इन्स्टाग्रामही. प्रत्येक व्हिडिओखाली सुपारीसाठी, म्हणजे कार्यक्रम ठरवायला, नंबर दिला तो त्याचाच, कारण वेळी-अवेळी फोन उचलायला दुसरं कोणी तयार नव्हतं. पुढच्या भांडणात हे कोणी मोठ्यानं बोललं नाही, म्हणून आम्ही इथं मुद्दाम सांगतो आहोत.

बिदागीच्या वाटणीवरून बिनसलं. तो बाहेर पडला आणि त्यानं स्वतःचं पथक उभं केलं. त्यात वावगं काहीच नाही. वादक एका पथकातून दुसऱ्यात जाणारच. तळकोकणात दशावतारी कंपन्यांमध्ये नट या हंगामात इथं तर पुढच्या हंगामात तिथं, असं पूर्वापार चालत आलं आहे. नट गेला की त्याची कला त्याच्याबरोबर जाते, कंपनीचं नाव जागेवर राहतं. इथं मात्र नावच उठून गेलं. एका सकाळी जुन्या चॅनेलवर नव्या पथकाचं नाव आणि नवा फोटो होता. व्हिडिओ तेच, सबस्क्रायबर तेच.

(मोबाइलचा पडदा. लॉगिन. ‘कोड पाठवला आहे.’)

पथकातल्या धाकट्या ताशेवाल्याला पासवर्ड ठाऊक होता. त्यानं घातला. पडद्यावर आलं, कोड पाठवला आहे, आणि खाली नंबराचे शेवटचे दोन आकडे. कोड गेला होता बाहेर पडलेल्याच्या फोनवर. ‘दादा, ओटीपी आला असेल बघ ना,’ एवढा एकच निरोप त्यानं पाठवला. तो निरोप अजून त्याच्या फोनमध्ये आहे, खाली दोन निळ्या खुणा आहेत, उत्तर नाही.

मग पथकानं नवा चॅनेल काढला आणि व्हॉट्सॲपवर इकडेतिकडे फिरलेले आपलेच जुने व्हिडिओ गोळा करून तिथं चढवले. जुन्या सहकाऱ्यानं त्यावर कॉपीराइटची तक्रार केली. एक स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची ताकीद, आला, मागोमाग दुसरा. स्ट्राइक ९० दिवस राहतो, आणि त्या मुदतीत तीन झाले तर अख्खा चॅनेल बंद होऊ शकतो. प्रतिदावा करता येतो. मग तक्रारदारानं कामाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. पण हक्क खरा कोणाचा याचा निवाडा यूट्यूब करत नाही, तसं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. म्हणजे एकाच वाडीतल्या, एकाच टेम्पोत बसून रात्र-रात्र फिरलेल्या मुलांचं भांडण परक्या फॉर्मवर चाललं होतं. हे हत्यार चोरांसाठी बनवलं आहे. बरोबर वाजवलेल्या माणसावर ते चालवणं आम्हाला चुकीचं वाटतं, मग चालवणारा कोणीही असो.

त्या हंगामात हळदीच्या सुपाऱ्या जुन्या नंबरवर गेल्या आणि पथकातले दोन वादक मुंबईला कामाला लागले.

(हळदीचं जुनं चित्रण. गर्दी, दिवे, नाच.)

भांडण पैशाचं आहे असं बाहेरून वाटतं. थोडं आहेही. पण हे चित्रण नीट ऐका. वाजतंय ते बहुतेक सिनेमाचं गाणं. अशी चाल वाजवली की यूट्यूबची यंत्रणा ती ओळखू शकते आणि म्युझिक कंपनीनं दावा लावलेला असला तर जाहिरातीचं उत्पन्न तिकडे जातं. पथकाच्या स्वतःच्या चाली त्यातल्या मोजक्याच. खरी मोलाची गोष्ट व्हिडिओच्या खाली आहे, तो दहा आकडी नंबर. मुलीचा बाप हळद ठरवताना जुना व्हिडिओ बघतो, वाजप आवडलं की खालच्या नंबरवर फोन लावतो. समोरचा माणूस त्या पथकात आहे की नाही, हे त्याला कळायला मार्गच नाही. म्हणून नाव आणि नंबर यांचा निकाल आधी लागायला हवा, व्हिडिओचा नंतर.

(दापोली. वकिलांच्या टेबलावरची पुस्तकं.)

पथकाकडे कागद म्हणून काही नव्हतं. ना करार, ना नोंदणी. तरी कायदा अगदीच मुका नाही. चार जणांनी मिळून धंदा केला आणि नफा वाटून घेतला तर कागद नसतानाही ती भागीदारी ठरू शकते. १९३२ च्या भागीदारी कायद्यात पेढीच्या मालमत्तेत नावलौकिकही धरला आहे. त्याच कायद्याचं ३६ वं कलम या पोरांसाठीच लिहिलं असावं असं वाटतं. बाहेर पडलेल्या भागीदाराला तोच धंदा करता येतो, त्याची जाहिरातही करता येते. मात्र वेगळा करार नसेल तर त्याला पेढीचं नाव वापरता येत नाही, पेढीच्या वतीनं धंदा करतोय असं भासवता येत नाही आणि पेढीची जुनी गिऱ्हाइकं आपल्याकडे बोलावता येत नाहीत. टेम्पोच्या आरसी बुकावर एकाचं नाव असतं, म्हणून टेम्पोवर रंगवलेलं पथकाचं नाव त्याचं होत नाही. चॅनेलचंही तसंच.

पण दुसरी बाजूही कायद्यात आहे, आणि ती पथकानं ऐकायला हवी होती. ध्वनिमुद्रणाचा पहिला हक्क निर्मात्याचा, म्हणजे ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली त्याचा. हळदीचं चित्रण करायचा पुढाकार ऑक्टोपॅडवाल्याचा होता. स्टुडिओत केलेल्या दोन मुद्रणांचे पैसे पथकाच्या डब्यातून गेले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शिवाय वाजवणाऱ्या प्रत्येकाचा कलाकार म्हणून वेगळा हक्क असतो, तो ५० वर्षं राहतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वादनाला आपलं नाव लागलं पाहिजे असं म्हणण्याचाही हक्क त्यात आला. म्हणजे जुन्या व्हिडिओतून त्याचं नाव पुसणं पथकालाही शोभणारं नव्हतं. पथकानं ते पुसलं होतं.

(देऊळ, बाहेरून. पाऊस. पायरीवर चपला.)

बैठक देवळात झाली. आत कॅमेरा नव्हता. मच्छीमार सोसायटीची जुनीजाणती माणसं बसली, दोन्हीकडची पोरं बसली, आणि उठताना खाती पथकाला परत द्यायची, स्ट्राइक मागे घ्यायचे, जुने व्हिडिओ कोणी काढायचे नाहीत असं ठरलं. तक्रार करणाऱ्यानं स्वतः माघार घेतली तर स्ट्राइक निघतो. त्याच संध्याकाळी त्यानं ते केलं.

(शेड. दोघे एका मोबाइलवर वाकलेले.)

आता हे जरा सावकाश बघा, कारण अडकायला होतं ते इथंच. चॅनेल एखाद्याच्या खासगी गुगल खात्यावर असेल तर दुसऱ्याला मॅनेजर करता येतं, मालक करता येत नाही. म्हणून आधी चॅनेल ब्रँड अकाउंटवर हलवावा लागला. तिथं एकाहून जास्त मालक ठेवता येतात. पथकाच्या नव्या ईमेलला मालक केलं. पण मुख्य मालक होण्यासाठी त्या नव्या मालकाला सात दिवस थांबावं लागतं, नियमच तसा आहे. तेवढे दिवस सगळं पूर्वीसारखंच जुन्या माणसाच्या हातात. त्यानं मनात आणलं असतं तर एका टिचकीत सगळं फिरवलं असतं. त्यानं ते केलं नाही. आठव्या दिवशी तो स्वतः शेडमध्ये आला, फोन पुढे केला, आणि तुम्ही बघताय ते चित्रण त्याच दिवसाचं आहे.

फेसबुकच्या पेजवर पूर्ण नियंत्रण असलेला कोणीही इतर कोणालाही काढू शकतो, पेज सुरू करणाऱ्यालाही. म्हणून तिथं एकदम तीन नावं घातली. इन्स्टाग्रामचा ईमेल आणि नंबर बदलला. गुगल मॅपवरच्या नोंदीतला नंबरही.

(कागद. आठ-आठ आकड्यांच्या दहा ओळी. लोखंडी पेटी.)

हे गुगलचे बॅकअप कोड. दहा असतात, एकेक एकदाच चालतो. फोन हरवला, माणूस गेला, सिम बंद पडलं, तरी याच्यावर आत जाता येतं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवळाच्या पेटीत ठेवला आहे, वर्गणीच्या पावतीपुस्तकांशेजारी. पेटीला दोन कुलुपं, किल्ल्या दोन घरांत. हा व्हिडिओ बघणाऱ्यांत कोणाचं भजनी मंडळ असेल, नमनाचा संच असेल, जाखडीचा फड असेल, तर आजच बघून घ्या, आपल्या चॅनेलचा मालक म्हणून किती जणांची नावं आहेत. सगळं गोडीगुलाबीचं असतानाच हे काम होतं. भांडणानंतर त्यासाठी अख्खी वाडी बसवावी लागते.

(वही. ओळीनं सह्या.)

ठराव वहीत लिहिला आहे. खाती पथकाची. ईमेल पथकाचा, नंबर पथकाच्या सिमचा. प्रत्येक व्हिडिओखाली वाजवणाऱ्यांची नावं, आणि कोणी पथक सोडलं तरी ती तशीच राहतील. सोडणाऱ्यानं नव्या पथकाची जाहिरात खुशाल करावी, जुन्याचं नाव आणि फोटो न वापरता. तो गेल्याचं पथकानं एकदा साधेपणानं जाहीर करावं, वाईटसाईट न लिहिता. सह्यांमध्ये त्याचीही सही आहे, ही बघा, डावीकडून तिसरी. नावाची ट्रेडमार्क नोंदणीही करायचं ठरलं आहे. करमणुकीच्या सेवा ४१ व्या वर्गात येतात, व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची. अर्ज कोणा एकाच्या नावानं करायचा नाही, आधी पथकाची रीतसर नोंदणी करायची, यावर सगळे ठाम आहेत.

(नारळी पौर्णिमा. मिरवणूक. दोन पथकं.)

यंदा मिरवणुकीत दोन्ही पथकं वाजली. जुनं पुढे, नवं मागे, मध्ये नाचणारी बायामाणसं. जुन्या व्हिडिओंखाली आता नावं लागू लागली आहेत. ऑक्टोपॅडपुढे त्याचंच नाव आहे, आणि चित्रण व संकलन यांच्यापुढेही.

उत्पन्नाचं अजून ठरायचं आहे. जाहिरातीचे पैसे येतात ते ॲडसेन्सचं खातं त्याच्या नावावर आहे, आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पथकाला आपलं नवं खातं काढून चॅनेलला जोडावं लागेल. आजवर जमा झालेल्या पैशांपैकी पथकाच्या स्वतःच्या चालींचे किती, आणि त्यात संकलनाच्या मेहनतीचा वाटा किती धरायचा, यावर गणपतीनंतर पुन्हा बसायचं ठरलं आहे. हिशेबाचे कागद तो घेऊन येणार आहे.