वेचायचा खाऊ, ओळखायचा खाऊ

(संक्रांतीच्या हळदीकुंकवानिमित्त वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर आज्या, आया, लेकी-सुना सगळ्या बसल्या आहेत आणि मागच्या रांगेत काही बाबाही दिसताहेत, याचा मला फार आनंद होतो आहे. मुलांच्या समारंभातला घरचा खाऊ हा विषय मी मुद्दाम जानेवारीत मागून घेतला. आतापासून रथसप्तमीपर्यंत तुमच्यापैकी कितीतरी घरांत बोरन्हाण होईल. याद्या आजच्या आजच होत असतील, त्यामुळे बोलायची वेळ हीच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्याकडे लहान मुलांच्या समारंभात खाऊ नुसता वाटत नसत. तो वेचावा लागे, ओळखावा लागे, कधी अंगावरून सोडवून घ्यावा लागे. समारंभातला मुख्य खेळच खाऊचा असे. आता खेळ वेगळा असतो, खाऊ वेगळा असतो आणि निघताना दाराशी एक बंद पिशवी हातात मिळते. ती पिशवी कितीही महागाची असली तरी मुलाला तिच्यासाठी काही करावं लागत नाही. खाऊ पुन्हा खेळात यावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो घरी केल्याशिवाय हे नीट जमत नाही.

बोरन्हाणापासूनच सुरुवात करते. मुलाच्या पहिल्या संक्रांतीला करायचं, राहिलं तर पाचव्या वर्षापर्यंत कधीही. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर किंवा चौरंगावर बसवायचं, औक्षण करायचं आणि मग डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, हलवा, रेवड्या, बत्तासे ओतायचे. विदर्भात याला लूट म्हणतात. भोवतीची पोरं तुटून पडतात. ज्याच्यासाठी समारंभ आहे ते बाळ बहुतेक वेळा भांबावलेलं असतं किंवा रडत असतं. खरी मजा भोवतीच्या चार ते दहा वर्षांच्या मुलांची असते. त्यामुळे खाऊ ठरवताना त्यांचाही विचार करा.

यादीकडे जरा नीट बघा. बोरं, ऊस, ओला हरभरा, शेंगा हे सगळं त्या पंधरवड्यात शिवारात तयार असतं. शेतात जे आलं त्याचंच बाळाला न्हाण. आता त्यात चॉकलेटं आणि गोळ्यांची पाकिटं आली आहेत आणि काही ठिकाणी तर ऊस-बोरं नावालाच उरली आहेत. मुलं चॉकलेटवर आधी झडप घालणार, हे कबूल. पण सोसायटीतल्या मुलांना घाट्याचं टरफल फोडून आतला हिरवा दाणा काढायला द्या, दहा मिनिटं ती जागची हलत नाहीत. करवा दातांनी सोलायचा कसा हे त्यांना कुणीतरी दाखवायला हवं, एवढंच. ते काम आजोबांना द्या. ते आनंदाने करतील.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते, आणि इथे परंपरेचं कौतुक थोडं बाजूला ठेवते. ज्या बाळाच्या डोक्यावरून आपण हे सगळं ओततो, ते सहा-आठ महिन्यांचं असतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. बोराची बी, शेंगदाणा, हलव्याचा कडक दाणा, हरभरा, यातलं काहीही श्वासनलिकेत अडकू शकतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा काजू-बदाम देऊ नयेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर बोटभरसुद्धा चाटवायचा नाही. म्हणून दोन सुपं करा. बाळाच्या डोक्यावरून मूठभर लाह्या, चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या जाऊ द्या. ते झालं की बाळाला उचलून आईच्या कडेवर द्या आणि दुसरं सूप मोठ्या मुलांसाठी सतरंजीवर रितं करा. बाळाच्या मुठीत काही राहिलं नाही ना, हे एका माणसाने फक्त तेवढ्यासाठीच उभं राहून बघायचं. विधीत काही उणं पडत नाही आणि मोठ्या मुलांना धक्काबुक्कीला मोकळी जागा मिळते.

आता हलवा. विकतचा सहज मिळतो, चांगलाही मिळतो. तरी आयुष्यात एकदा घरी करून बघावाच असा हा पदार्थ आहे, कारण त्याच्यासारखं डोळ्यांसमोर वाढत जाणारं दुसरं काही स्वयंपाकघरात नाही. साहित्य म्हणाल तर साखर, पाणी, चमचाभर दूध आणि आत घालायला काहीतरी, म्हणजे तीळ, साबुदाणा, खसखस, बडीशेप किंवा लवंग. वाटीभर साखर भिजेल इतकं पाणी घालून पाक करायला ठेवायचा. उकळी आली की दूध घालायचं, मळी वर येते ती काढून टाकायची. पाक एकतारीच्या आसपास आला की उतरवायचा.

जाड बुडाच्या परातीत दोन चमचे तीळ घ्यायचे. परात अगदी मंद आचेवर. पूर्वी खाली कोळशाची शेगडी असे आणि निखाऱ्यांवर राख पसरून धग कमी करत. तिळांवर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. आधी सगळं चिकट होतं, तीळ एकमेकांना धरतात, नवशिक्याला वाटतं बिघडलं. हात थांबवायचा नाही. हळूहळू दाणे सुटे होतात, परातीवर त्यांचा खुळखुळ आवाज येऊ लागतो आणि प्रत्येकावर पांढरी पुटी दिसते. तो आवाज कोरडा झाला की पुढचा चमचा. पुन्हा चिकट, पुन्हा सुटा. असे कितीतरी चमचे जातात. पहिल्या दिवशी दाणा नुसता गोल आणि गुळगुळीत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्यावर बारीक बारीक टोकं डोकावायला लागतात. तो काटा. काटा यायला कोरडी आणि थंड हवा लागते, म्हणून जुन्या बायका पहाटे किंवा रात्री परात घेऊन बसायच्या. हवा दमट असली, कोकणात तर बऱ्याचदा असतेच, की दाणा गुळगुळीतच राहतो. चव तीच असते, मुलांना फरकही कळत नाही.

परातीशी लहान मुलाला बसवायचं नाही. पाक भाजतो, आणि साखरेचं भाजणं पाण्यापेक्षा वाईट, कारण ती कातडीला चिकटून राहते. मुलांनी रोज उठून दाणा केवढा झाला ते बघावं. रोज एक दाणा डबीत बाजूला ठेवून द्या. चौथ्या दिवशी ते दाणे ओळीने मांडून दाखवा आणि त्यांचे चेहरे बघा.

आता दागिने. मुकुट, हार, बाजूबंद, मुलीला बिंदी आणि कंबरपट्टा, मुलाला बासरी. जुनी पद्धत दोऱ्याची. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरायचा, गाठ ओढायची, की पुढचा फास. काटेरी दाण्याला दोरा घट्ट बसतो, काट्याचा हा उपयोग. काम बारीक आणि वेळखाऊ, पण शेवटी जे तयार होतं ते खरोखर खाता येतं. समारंभ संपला की मोठी भावंडं हारातला दाणा दाणा सोडवून तोंडात टाकायची. आज बाजारात मिळणारे बहुतेक दागिने पुठ्ठ्यावर गोंदाने किंवा ग्लू गनने चिकटवलेले असतात, त्यात प्लॅस्टिकचे मोती, चमकी आणि तारा असतात. दिसतात देखणे. पण ते खायचे नाहीत, हे घरातल्या प्रत्येक मुलाला स्पष्ट सांगा, कारण दागिना हलव्याचा आहे असं आपणच त्याला सांगितलेलं असतं. सगळा संच घरी करणं प्रत्येकीला जमणार नाही. मनगटाची एक पोची करा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दाण्याची गाठ मारता येते. आलेल्या प्रत्येक मुलाला स्वतःची पोची ओवून घरी नेऊ द्या. मला विचाराल तर याहून चांगली रिटर्न गिफ्ट मी पाहिलेली नाही.

ओळखायच्या खाऊचं नाव काढलं की भोंडला आलाच. आश्विनात, नवरात्रात, पाटावर हत्ती मांडून मुली फेर धरतात. गाणी संपली की खिरापत. पण ती अशी थेट मिळत नाही. झाकलेला डबा पुढे येतो आणि आतलं काय ते मुलींनी ओळखायचं. डबा हलवून बघायचा. खुळखुळला तर दाणे, फुटाणे, शंकरपाळे. नुसता दबका धप्प आवाज आला तर वडी, लाडू किंवा शिरा. गोड की तिखट, हा पहिला प्रश्न. तळलेलं की वाफवलेलं, हा दुसरा. घरातल्या बाईची सगळी हुशारी यात, की आज असं काय करावं जे लवकर ओळखता येणार नाही. काही घरांत पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन अशा रोज खिरापती वाढत जात. विदर्भात आणि खानदेशात भुलाबाईच्या खाऊलाही हीच ओळखाओळखी. रिकाम्या हाती कुणी जात नाही, हरलेल्यालाही खिरापत मिळतेच.

हा खेळ वाढदिवसाला जसाच्या तसा चालतो आणि त्यात मुलगेही तितकेच रंगतात. पाच डबे झाकून ठेवा. एकात चिवडा, एकात तिळाची वडी, एकात मुगाचे छोटे लाडू, एकात कडबोळी, एकात राजगिऱ्याच्या लाह्या. डोळे बांधून वास घेऊ द्या, डबा कानाशी धरू द्या. ओळखलं की तोच खाऊ कागदाच्या पुडीत. पुडी मुलांनाच वळायला शिकवा, चौकोनी कागदाचा कोन काही अवघड नाही. छापील वर्तमानपत्राचा मात्र घेऊ नका, शाई खाण्याला लागते.

वाढदिवसाचा खाऊ म्हटल्यावर इथल्या अनेकांना शाळेत वाटलेल्या रावळगावच्या गोळ्या आठवतील. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंदांनी 1933 साली साखरेचा उद्योग उभारला, 1942 पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या आणि 2024 मध्ये तो ब्रँड रिलायन्सने 27 कोटींना घेतला. विकतच्या गोळीशी माझं भांडण नाही. वर्गातल्या पन्नास मुलांना वाटायला ती सोयीची होती आणि आजही आहे. घरी दहा-पंधरा मुलं येणार असतील तेव्हा आपल्या हातात जास्त काही असतं, इतकंच म्हणायचं आहे.

रंगाचं मात्र बोलायलाच हवं. 2024 च्या फेब्रुवारीत तामिळनाडूने कॉटन कँडीच्या विक्रीवर बंदी घातली, कारण तपासणीत त्यात रोडामाइन-बी सापडलं. तो कापड रंगवायचा रंग. मार्चमध्ये कर्नाटकानेही रंगीत कॉटन कँडीवर बंदी आणली. आपल्या देशात खाण्यात चालणारे कृत्रिम रंग मोजून आठ आहेत आणि त्यांचंही प्रमाण ठरलेलं आहे. सुट्या, भडक, बिननावाच्या गोळ्यांत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घरी हलव्याचा पाक करताना त्यात थोडं केशर उकळा, पिवळा येतो. बीटचा रस घाला, फिकट गुलाबी येतो. भडक होत नाही आणि व्हायलाही नको.

शेवटी तिळाच्या वडीचं सांगते, कारण मघाशी दोघींनी चिठ्ठी पाठवून विचारलं आहे. मुलांसाठी करताना चिक्कीचा गूळ वापरू नका, त्याने वडी कडक होते आणि दुधाचे दात हलत असतात. साधा गूळ घ्या. वाटीभर तीळ खमंग भाजून भरड करायचे, अर्धी वाटी दाण्याचा कूट, पाव वाटी भाजलेलं सुकं खोबरं, वेलची. चमचाभर तुपात वाटीभर चिरलेला गूळ विरघळवायचा. सगळीकडून फेस आला की लगेच गॅस बंद, पुढे पाक होऊ द्यायचा नाही. त्यात बाकी सगळं घालून तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि गरम असतानाच काप द्यायचे. गोल वाटीने किंवा चांदणीच्या साच्यानेही कापता येतात, ते काम मुलांचं. बोलावण्याच्या वेळीच प्रत्येक आईला विचारून ठेवा, शेंगदाणा किंवा तीळ चालतो ना. काही मुलांना दोन्हींची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. अशा मुलाला भरल्या घरात सगळ्यांपेक्षा वेगळं देऊ नका. त्या दिवशी सगळ्यांनाच खोबऱ्याची वडी करा आणि त्यासाठी ताट-सुरी वेगळी ठेवा.

हलव्याची परात मी सोबत आणली आहे, बाजूच्या टेबलावर शेगडी मांडली आहे. दाण्यावर दोन दिवसांचा पाक चढलेला आहे, काटा आत्ता कुठे धरतो आहे. ज्यांना बघायचं आहे त्यांनी चार-चार जणींनी या. मुलांना घेऊन आलात तर त्यांना परातीपासून हातभर लांब उभं करा, आणि दोरा ओवायला कुणाला बसायचं असेल तर पलीकडच्या सतरंजीवर थंड हलवा आणि रिळं ठेवली आहेत.