सात वेळा 'हो'

पत्रिकेवर विषय छापलाय : 'कथेतली विषमता आणि पात्रांमधला तुटलेला संवाद'. भारदस्त आहे. त्याकडे येतोच, पण आधी एक जुनं दुखणं.

माझ्या सुरुवातीच्या एका कथेत मालक बोलत राहतो आणि गडी फक्त 'हो' म्हणतो. सात वेळा. पहिला 'हो' म्हणजे ऐकलं. दुसरा, कळलं. तिसरा, पटलं नाही. चौथा, आता पुरे करा. पाचव्या वेळी तो आजारी मुलीचा विषय काढणार, तेवढ्यात मालक पुढचं काम सांगतो. म्हणून तोही 'हो'च. मी खूश होतो. संपादकांनी (नाव घेणार नाही, आणि तुम्ही हसू नका) सहा 'हो' उडवले. समासात शेरा : 'पुनरुक्ती'. उरलेल्या एकाचं 'व्हय जी' केलं, गडी खरा वाटावा म्हणून! आणि मी? नवा लेखक. उलट टपाली कळवलं : 'हो, बदल योग्यच आहेत.'

त्या 'व्हय जी'शी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. उच्चार बदलला की विषमता दाखवून झाली, असं आपल्याला वाटतं. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, राण्या आणि दासी प्राकृत. विदूषक ब्राह्मण, तरी बहुधा प्राकृतच. पण दुभाषा कुणालाच लागत नाही! सगळ्यांना सगळं कळतं. मग अडतं कुठे?

काय? पाचच मिनिटं? मघाशी वीस म्हणाला होतात. बरं, पळत सांगतो.

रशियन कथाकार चेखवची १८८३ची कथा घ्या. नाटक बघताना कारकुनाला शिंक येते, ती पुढच्या जनरलच्या टकलावर उडते. तो माफी मागतो. जनरल म्हणतो, काही नाही. कारकुनाला ते खरं वाटत नाही. मध्यंतरात माफी, दुसऱ्या दिवशी माफी, पुन्हा माफी. जनरलला वाटतं, हा थट्टा करतोय. शेवटी तो ओरडतो, आणि कारकून घरी जाऊन कोचावर पडतो तो मरतोच. गंमत म्हणजे जनरल त्याच्या खात्याचासुद्धा नाही. भाषा एकच, शब्द साधे. पण वरच्याचं 'काही नाही' खालच्याला धमकीसारखं ऐकू येतं आणि खालच्याची माफी वरच्याला कटकट वाटते.

मुद्दा एवढाच की खालच्याला वरच्याचा खोकलासुद्धा वाचावा लागतो, पोट त्यावर असतं. वरच्याला तशी गरज नसते, म्हणून त्याला खरंच काही ऐकू येत नाही. तो दुष्ट असलाच पाहिजे असं नाही. दुष्ट मालक लिहायला सोपा, म्हणून आपण तोच लिहितो. त्यापेक्षा आपल्या कथेत प्रश्न कोण विचारतं ते मोजा. आणि 'तू-तुम्ही' बघा. मालक रोज गड्याला 'तू' म्हणतो. एके दिवशी 'तुम्ही बसा' म्हणाला, तर गडी सुखावणार नाही, घाबरेल. कामावरून काढताहेत की काय? ते घाबरणं लिहायचं, तर...

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. हो.