टॅक्स कंपनीवर, कात्री कॉन्ट्रॅक्टरच्या पगाराला

(पडद्यावर: पेस्लिपचा वरचा अर्धा भाग)

हा कागद जरा नीट बघा, एका कॉन्ट्रॅक्टरची, म्हणजे परमनंट न होता रोजाच्या रेटवर काम करणाऱ्याची, पेस्लिप. सगळ्यात वर 2,000 पौंड, आणि सगळ्यात खाली, म्हणजे बँकेत जमा झालेले, 1,202. पाच दिवस, रोजचा रेट 400, एका आठवड्याचं काम. मधले आठशे गेले कुठं? इन्कम टॅक्समध्ये, असं म्हणाल, तर तोही गेलाय, पण तो खाली कापलाय. त्याच्या आधीच, 'ग्रॉस पे' हे दोन शब्द कागदावर यायच्या आधीच, पावणेतीनशेच्या वर पौंड उडालेत. आजचा सगळा व्हिडिओ त्या पावणेतीनशेवर आहे.

गोष्ट ब्रिटनमधली. स्लाउ, हॅरो, रेडिंग, मिल्टन कीन्स, इथं आयटीतली आपली बरीच मंडळी आहेत. स्किल्ड वर्कर व्हिसा स्पॉन्सर कंपनीला बांधलेला असतो, त्यामुळे तोवर गुपचूप परमनंट नोकरी करायची, आणि आयएलआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, हातात पडलं रे पडलं की कॉन्ट्रॅक्टिंगचे वेध लागतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की अरे दिवसाला 400 मिळतात. मिळतात की. पण कुणाला मिळतात, ते बघू.

ब्रिटनमध्ये नॅशनल इन्शुरन्स, थोडक्यात एनआय, हा पगारावरचा दुसरा कर, दोन बाजूंनी भरायचा असतो, एक तुमच्या पगारातून आणि दुसरा कंपनीने स्वतःच्या खिशातून, त्याला म्हणतात एम्प्लॉयर्स एनआय. आता कॉन्ट्रॅक्टर पूर्वी स्वतःची लिमिटेड कंपनी काढून काम करायचे, त्यावर 2000 साली आयआर 35 नावाचा नियम आला, की बाबा तू वागतोस नोकरासारखा तर टॅक्सही नोकरासारखा भर. बरीच वर्षं हे कोण ठरवायचं, तर कॉन्ट्रॅक्टर स्वतःच! मग 2017 मध्ये सरकारी खात्यांत आणि 2021 मध्ये मोठ्या नि मध्यम खाजगी कंपन्यांत तो निर्णय क्लायंटच्या गळ्यात टाकला, चुकला तर टॅक्सची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. कित्येक क्लायंटनी नको ती कटकट म्हणून लिमिटेड कंपनीवाल्यांना सरसकट काम देणंच बंद केलं आणि सांगितलं, अंब्रेला कंपनीतून या.

अंब्रेला म्हणजे कागदावरचा तुमचा एम्प्लॉयर. काम क्लायंटचं, क्लायंट पैसे देतो एजन्सीला, एजन्सी अंब्रेलाला, अंब्रेला तुम्हाला पगार करते. आणि कायद्याने ती एम्प्लॉयर असल्यामुळे एम्प्लॉयर्स एनआय तिनेच भरायचा. आता ती कुठून भरणार? तिच्याकडे पैसा येतो तो फक्त तुमच्या कामाचा.

(पडद्यावर: पेस्लिपच्या ओळी एकेक करून)

चला ओळीओळीने. 2,000 आले. अंब्रेलाची फी, त्याला मार्जिन म्हणतात, धरा आठवड्याला 25. मग एम्प्लॉयर्स एनआय 244. मग ॲप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे शिकाऊ उमेदवारांच्या ट्रेनिंगसाठीचा कर, पगाराच्या अर्धा टक्का, साधारण साडेआठ पौंड, ज्याचा या माणसाला जन्मात उपयोग नाही. उरले 1,722, हा झाला ग्रॉस. आता यातून इन्कम टॅक्स 447, आणि याच्या स्वतःच्या वाट्याचा एनआय 73. हातात 1,202. पेन्शन यात धरलंच नाहीये, ते घेतलं तर एम्प्लॉयरचा किमान 3 टक्के हिस्सासुद्धा वरच्याच रकमेतून जातो. आणि सुट्टीचा पगार? तोही या 1,722 च्या आतच आहे, वेगळा मिळत नाही.

आता गंमत अशी की एम्प्लॉयर्स एनआय कामगाराच्या पगारातून कापणं ब्रिटनमध्ये बेकायदेशीर आहे. स्पष्ट मनाई आहे. मग हे कसं चालतं? कारण ते 2,000 तुमचा पगार कधी नव्हतेच. ते एजन्सीने अंब्रेलाला दिलेलं बिल होतं, असाइनमेंट रेट, तुमचा पगार 1,722 पासून सुरू होतो. कायद्याच्या भाषेत एकदम चोख, आणि ज्याला फोनवर 'चारशे रोज' सांगितलंय त्याच्या दृष्टीने निव्वळ शेंडी लावणं. एप्रिल 2020 पासून एजन्सीने काम सुरू होण्याआधी सगळा हिशोब दाखवणारा एक कागद द्यायचा नियम आहे, त्याचं नाव 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट', तो ईमेलला जोडलेला असतो, उघडतो कोण!

मग आला 30 ऑक्टोबर 2024. लेबर पक्षाने निवडणुकीत सांगितलं होतं की काम करणाऱ्या लोकांवरचा इन्कम टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स, व्हॅट वाढवणार नाही. अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी बजेटमध्ये वाढवला तो एम्प्लॉयर्सचा एनआय. 6 एप्रिल 2025 पासून दर 13.8 वरून 15 टक्के, आणि पगाराच्या ज्या रकमेपासून तो लागतो ती वर्षाला 9,100 पौंडांवरून थेट 5,000 वर. म्हणायला बोजा कंपन्यांवर.

पेपरात सगळे 15 टक्क्यांबद्दल बोलत राहिले, पण माझ्या मते खरा घाव दुसऱ्या आकड्यात होता. आठवड्याच्या हिशोबात ती मर्यादा 175 वरून 96 झाली, म्हणजे पूर्वी सुटणारे 79 पौंड आता टॅक्सखाली, त्याचे झाले जवळपास 12 पौंड, आणि हे 12 सगळ्यांना सारखेच, रोज 400 वाल्यालाही आणि रोज 150 वाल्यालाही. हो, अंब्रेलातून फक्त आयटीवाले येत नाहीत. शाळेत बदली शिक्षक म्हणून जाणाऱ्या बाई येतात, केअर होममधले येतात, बांधकामावरचे येतात. आपल्या 400 वाल्याच्या हातातले आठवड्याला 15 पौंड कमी झाले. 150 रोजावर पाच दिवस शिकवणाऱ्या बाईंचे, 20 पौंड मार्जिन धरून, 11 कमी झाले. कमाई निम्म्याहूनही कमी, आणि कात्री मात्र जवळपास तेवढीच. त्यांच्या हातात येतात 532 च्या आसपास, त्यातले 11 म्हणजे किती ते बाजारहाट करणाऱ्याला विचारा.

ज्यांची अजून स्वतःची लिमिटेड कंपनी आहे तेही सुटले नाहीत. डायरेक्टर म्हणून स्वतःला 12,570 पगार घ्यायची पद्धत आहे, त्यावरचा एम्प्लॉयर्स एनआय वर्षाला 479 होता तो 1,135 झाला. कंपन्यांना या एनआयमध्ये सूट मिळते, ती वाढवून वर्षाला 10,500 पौंड केली, पण कंपनीत डायरेक्टर एकटाच पगारावर असेल तर ती सूट नाही. म्हणजे या लोकांना नाहीच.

हे फक्त कॉन्ट्रॅक्टरचं दुखणं आहे का, तर नाही. सरकारच्या बजेटची छाननी करणाऱ्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीने तेव्हाच सांगितलं होतं की 2026-27 पासून या बोज्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग शेवटी कामगारांच्याच खऱ्या कमाईवर येईल, कमी पगारवाढ आणि वाढलेल्या किमती अशा वाटेने. परमनंटवाल्याला ते दिसत नाही इतकंच, त्याची वाढ 4 ऐवजी 3 टक्के झाली तर तो बॉसला शिव्या देतो. अंब्रेलावाल्याला दर शुक्रवारी छापून मिळतं. म्हणून तो अंब्रेलाला शिव्या देतो, ज्या कंपनीच्या हातात त्यातले फक्त 25 पौंड राहतात.

हिंजवडीत पहिली नोकरी लागलेल्या कुठल्याही पोराला हे सीटीसीमुळे कळायला हवं, तिथंही कंपनीच्या हिश्श्याचा पीएफ पॅकेजमध्येच मोजलेला असतो. पण तो निदान तुमच्या नावावर जमा होतो, काही पेन्शनला जातो. इथला एम्प्लॉयर्स एनआय सरकारजमा, तुमच्या स्टेट पेन्शनची वर्षं मोजतात ती तुमच्या स्वतःच्या एनआयवर.

आणि याच रागाचा फायदा घेणारे आहेत. '85 टक्के हातात देतो' अशी जाहिरात दिसली की तिथून पळा. नियमात राहून 400 रोजावर साठ टक्केच येतात, वर हिशोब दाखवलाय. वरचे पंचवीस टक्के येतात कर्ज किंवा ॲडव्हान्स अशा नावांनी, ज्यावर टॅक्स कापलेलाच नसतो, आणि नोटीस येते ती तुमच्या घरी. अशाच जुन्या योजनांवर 2019 मध्ये लोन चार्ज, म्हणजे त्या कर्जांवरचा टॅक्स, लागला, लोक अजून निस्तरतायत. 6 एप्रिल 2026 पासून अंब्रेलाने टॅक्स बुडवला तर एजन्सीकडूनही वसूल करता येतो, त्यामुळे एजन्सीवाले आता स्वतःच अंब्रेलांची यादी तपासायला लागलेत, हे बरं झालं.

(पडद्यावर: फोनवरचा मेसेज, '400 इनसाइड')

इनसाइड म्हणजे आयआर 35 च्या आत, नोकरासारखा टॅक्स. असा मेसेज आला तर उलट एकच विचारा, हा अंब्रेला रेट की पीएवायई रेट, म्हणजे एजन्सीच्या स्वतःच्या पगारपत्रकावरचा ग्रॉस पगार? कारण 400 अंब्रेला म्हणजे ग्रॉस 344, आणि त्यातून सुट्टीचा पगार बाजूला काढला तर 307. दुसरी एजन्सी 320 पीएवायई अधिक सुट्टीचा पगार देत असेल, तर ती जास्त देतेय.