गांजाचा कर, शहराचा उपविधी आणि अडलेलं अनुदान

[दृश्य: नगर परिषदेचं सभागृह, सायंकाळची बैठक]

निवेदन:
८ नोव्हेंबर २०१६ ला कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन ६४ हा कायदा थेट मतदानाने मंजूर केला आणि २१ वर्षं व त्यावरच्या प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला. १ जानेवारी २०१८ पासून परवानाधारक दुकानं उघडली. आपल्या हद्दीत दुकान हवं की नको, हे मात्र प्रत्येक शहर आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) स्वतः ठरवते. निम्म्याहून अधिक ठिकाणी दुकानांना आजही मनाई आहे.

मनाईची किंमत कराच्या वाटपात मोजावी लागते. नियमन, संशोधन वगैरे खर्च वजा जाता राज्याच्या गांजा-करातून जे उरतं, त्यातले ६० टक्के मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्यावर आणि उपचारांवर जातात. २० टक्के पर्यावरणाला आणि २० टक्के कायदा-सुव्यवस्थेच्या खात्याला मिळतात. या शेवटच्या खात्यातूनच बोर्ड ऑफ स्टेट अँड कम्युनिटी करेक्शन्स हे राज्य मंडळ शहरांना आणि काउंट्यांना सार्वजनिक आरोग्य व सुरक्षेसाठी अनुदान देतं. त्यासाठी अर्जांची स्पर्धा असते.

[दृश्य: उपविधीचं पान, एका कलमाखाली पेन्सिलची रेघ]

शहरात अडचणी किती, हा प्रश्न नंतर येतो. आधी उपविधी, म्हणजे शहराचा स्वतःचा नियम, तपासला जातो.

मूळ कायद्यानुसार विक्रीवर किंवा लागवडीवर बंदी असलेल्या शहराला अनुदान मिळत नव्हतं. लागवडीत घरगुती झाडंही धरली जात, आणि गोम तिथेच होती. राज्याचा कायदा प्रत्येक घराला सहा झाडांची मुभा देतो. घराच्या आत लावलेली झाडं शहराला सरसकट रोखता येत नाहीत, अंगणातली रोखता येतात. शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली, की अंगणातल्या झाडांवर बंदी हा नगर परिषदेला सोपा उपाय वाटे, आणि तो तिच्या अधिकारातलाही होता. पण त्याच कलमामुळे शहर अपात्र ठरे, मग गावात दुकानं चालू असोत आणि त्यांचा कर राज्याकडे जात असो. अट विचित्रच होती.

२०२२ मध्ये असेंब्ली बिल १९५ या राज्य कायद्याने ती बदलली. घरगुती झाडं हिशेबातून गेली. आता बंदिस्त आणि उघड्यावरची अशी दोन्ही प्रकारची व्यावसायिक लागवड बंद असेल, तर शहर अपात्र. किरकोळ विक्री बंद असेल, तरीही अपात्र. म्हणजे बंदिस्त लागवडीला परवानगी आणि उघड्यावर मनाई चालते. दुकानांना परवानगी पण लागवडीला कुठेच जागा नाही, हे चालत नाही. दाटीवाटीच्या शहरांनी इथे नीट पाहावं: शेत नसलं तरी गोदामातल्या लागवडीची तरतूद उपविधीत करता येते.

काउंटीचे नियम फक्त शहरांच्या हद्दीबाहेरच्या भागाला लागू असतात. त्यामुळे काउंटी अपात्र आणि तिच्यातलं शहर पात्र, किंवा नेमकं उलटं, असं होऊ शकतं.

[दृश्य: अग्निशमन दलाचं प्रशिक्षण, ब्युटेनचे डबे]

पात्र ठरल्यावर अर्ज. पैसा पोलिसांना आणि अग्निशमन दलाला वापरता येतो. ब्युटेन हा ज्वलनशील वायू वापरून गांजाचा अर्क काढताना होणारे स्फोट, चोरट्या लागवडीसाठी मीटर टाळून ओढलेली वीज, यांना तोंड देण्याची कामं त्यात बसतात. पण किमान १० टक्के रक्कम तरुणांसाठीच्या कामाला द्यावी लागते. १० लाख डॉलर मागितले, तर १ लाख डॉलर तिकडे. पोलीस खात्याने एकट्याने लिहिलेल्या अर्जात हा भाग बहुधा शेवटच्या रात्री चिकटवलेला असतो, आणि तो तसा दिसतोही. शाळा आणि आरोग्य विभाग यांना पहिल्या मसुद्यापासून बसवलेलं बरं.

दुसरी चूक अंदाजपत्रकातली. शहर आधीपासून ज्या निरीक्षकाचा पगार देतं, तोच पगार अनुदानातून दाखवता येत नाही. नवं पद किंवा वाढीव तास हवेत. म्हणून अर्जाआधीचं अंदाजपत्रक आणि हजेरीपत्रकं फाइलला लावून ठेवावीत. नगर परिषदेचा ठराव लागतो, त्यामुळे बैठकीची तारीख अर्जाच्या मुदतीकडून मागे मोजत ठरवावी. आणि खर्च आधी शहराने करायचा, तिमाही बिलं नंतर पाठवायची. छोट्या गावाच्या वित्त अधिकाऱ्याने पहिल्या तिमाहीची रोकड कुठून आणायची, हे अर्जावर सही होण्याआधी सांगावं.