लॉगमध्ये नाव एनएफएसडीचं, दोष कुणाचा?

(पुण्यात सिस्टिम अ‍ॅडमिन आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज एकाच प्रकारच्या बिघाडाबद्दल बोलतो. फाइल सर्व्हरवर लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) शनिवारी रात्री बदलला, मशीन नीट वर आलं, सगळे घरी गेले. सोमवारी अकराच्या सुमारास हिंजवडीच्या ऑफिसात अर्धा मजला हातावर हात ठेवून बसलेला. सगळ्यांच्या होम डायरेक्टऱ्या एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली पुरवणारी यंत्रणा), त्यामुळे कुणाचं साधं एलएस, म्हणजे फाइलींची यादी मागणारी कमांड, परत येईना. सर्व्हर मात्र पिंगला उत्तर देतोय, सीपीयू रिकामा, आणि लोड अ‍ॅव्हरेज (मशीनवरच्या ताणाचा सरासरी आकडा) चढतंच आहे. नवखा इथे गोंधळतो. लिनक्स लोड मोजताना सीपीयूच्या रांगेतल्यांबरोबर ‘डी’ अवस्थेत, म्हणजे बहुधा डिस्कसारख्या कशाची तरी वाट पाहत, झोपलेल्या थ्रेडनाही (स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामांनाही) धरतं, हे त्याला ठाऊक नसतं. ही झोप अशी की सक्तीने बंद करणाऱ्या किल मायनस नऊ कमांडनेही मोडत नाही.

मग कुणीतरी थ्रेड वाढवायला सांगतं. एनएफएसडी म्हणजे सर्व्हरवर एनएफएसच्या विनंत्या हाताळणारा कर्नलचा भाग. त्याचे थ्रेड बरीच वर्षं मुळात ८ असायचे. ६४ केले की थोडा वेळ बरं वाटतं, मग ६४ अडकतात. सहकारी बँकेत सगळ्या खिडक्या मॅनेजरच्या सहीसाठी खोळंबल्या असतील, तर नवी खिडकी उघडून काय साधणार?

कर्नलमध्ये एक पहारेकरी असतो. एखादा थ्रेड १२० सेकंद ‘डी’मध्ये राहिला की तो लॉगमध्ये त्याचं नाव आणि कॉल स्टॅक (तो कोणकोणत्या फंक्शनमधून कुठे येऊन थांबलाय त्याची यादी) छापतो. पण मुळात फक्त १० वेळा, पुढे गप्प. मेसेज थांबले म्हणून ‘आपोआप सुटलं’ असं सांगणारे लोक मी पाहिलेत! आणि छापलेलं नाव बहुधा वाट पाहणाऱ्याचं असतं, वाट अडवणाऱ्याचं नव्हे. सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

म्हणून रीस्टार्टच्या आधी सिसआरक्यूचं, म्हणजे कर्नलला थेट दिल्या जाणाऱ्या आज्ञांमधलं, ‘डब्ल्यू’ चालवा. अडकलेल्या सगळ्या थ्रेडचे स्टॅक एकत्र मिळतात. ज्या ओळीत प्रश्नचिन्ह आहे ती भरवशाची नाही, स्टॅकवर उरलेला जुना पत्ताही असू शकतो. एसव्हीसी-रिसीव्ह या नवी विनंती घेणाऱ्या फंक्शनमध्ये झोपलेला एनएफएसडी दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका, बिचारा कामाची वाट पाहतोय.

आमच्या प्रकरणात आठपैकी सात थ्रेड एकाच डायरेक्टरीच्या लॉकपाशी (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) उभे होते. आठवा तो लॉक धरून एक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या लॉगमध्ये (मेसेजचा लॉग नव्हे, बदलांची नोंद) जागा मिळण्याची वाट पाहत होता. ती जागा मोकळी होते जुना मेटाडेटा (फाइलींबद्दलची माहिती) डिस्कवर उतरल्यावर. मग सिस-ब्लॉकखाली त्या डिस्कची इनफ्लाइट फाइल पाहिली; पाठवलेल्या पण पूर्ण न झालेल्या विनंत्यांचा आकडा तिच्यात असतो. आकडा शून्य नाही, आणि हलतही नाही. म्हणजे डिस्कच्या कंट्रोलरकडे गेलेल्या विनंत्या परतच येत नव्हत्या. संशय आला त्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर (त्याला चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडवर). एनएफएसचा यात काडीचाही संबंध नव्हता, आणि सकाळपासून शिव्या त्यालाच!

आता खातरजमा. बाकी काहीही न बदलता जुन्या कर्नलवर बूट करा. तिथे ठीक चाललं, तर दोन कर्नलच्या मधला नेमका बदल गिट बायसेक्टने शोधता येतो: मधला कर्नल तपासून ‘गुड’ की ‘बॅड’ सांगायचं, आणि उरलेला अर्धा भाग पुन्हा तसाच तपासायचा. १४,००० कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) असले तरी दर वेळी निम्मे गळतात, म्हणजे साधारण १४ चाचण्या. कागदावर सोपं आहे. अडचण येते ‘गुड’ म्हणताना. बिघाड सरासरी तासाने एकदा होत असेल आणि तुम्ही दहा मिनिटांत ‘गुड’ ठोकलंत, तर बायसेक्ट निमूटपणे चुकीच्या अर्ध्या भागात शिरतं आणि शेवटी भलत्याच माणसाच्या कमिटवर बोट ठेवतं. त्यामुळे आधी बिघाड हुकमी घडवणारा लोड तयार करा: बरेच क्लायंट, एकच डायरेक्टरी, सतत फाइली बनवणं आणि पुसणं. माझ्या मते निम्मी मेहनत इथेच आहे, आणि नेमकी हीच लोक टाळतात.

एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, डिस्कच अडकली असेल तर हा लॉग साठवायचा कुठे?” अगदी बरोबर प्रश्न. त्याच डिस्कवर लॉग असेल तर रीबूटबरोबर पुरावा जातो. सिरीयल कन्सोल (सिरीयल केबलने दुसऱ्या मशीनवर मेसेज पाठवणारा) ठेवा, किंवा नेटकन्सोल. नेटकन्सोल कर्नलचे मेसेज नेटवर्कवर यूडीपीने थेट दुसऱ्या मशीनला पाठवतं, डिस्कला हात लावत नाही. फक्त ते शनिवारीच, कर्नल बदलण्याआधी, लावून ठेवायला हवं.