'न्यू रोझ हॉटेल' : न दिसलेली चोरी

नमस्कार श्रोतेहो.

आज मी एका फसलेल्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे. 'न्यू रोझ हॉटेल', साल १९९८, दिग्दर्शक एबल फेरारा. क्रिस्टोफर वॉकन आणि विलेम डफो यांच्यासारखे नट, विज्ञानकथा लिहिणाऱ्या विल्यम गिब्सनची कथा, आणि विषय कंपन्या-कंपन्यांमधल्या हेरगिरीचा. एवढं सगळं हाताशी असूनही चित्रपट निसटून जातो. तो का निसटला, यावर मी बराच विचार केला आहे. 'पैसे कमी पडले' हे उत्तर अशा वेळी चटकन दिलं जातं. मला ते पटत नाही.

आधी गोष्ट सांगतो, आणि शेवटासकट सांगतो, कारण त्याशिवाय मुद्द्याला हात घालता येणार नाही. काळ आजच्या जरा पुढचा. जगाची सूत्रं काही बलाढ्य कंपन्यांच्या हातात गेलेली. हिरोशी नावाचा एक असामान्य जनुकशास्त्रज्ञ 'मास' या कंपनीत काम करतोय आणि तो हवाय 'होसाका' या प्रतिस्पर्धी कंपनीला. त्याला फोडून आणायचं काम फॉक्स आणि एक्स हे दोन दलाल अंगावर घेतात. टोकियोच्या एका क्लबमध्ये त्यांना सँडी भेटते. हिरोशीला प्रेमात पाडायची कामगिरी ते तिच्यावर सोपवतात. हिरोशी गळाला लागतो. मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये त्याच्यासाठी प्रयोगशाळा उभी राहते, होसाकाचे निवडक शास्त्रज्ञ तिथे जमतात, आणि विषाणूची लागण होऊन सगळे मरतात. सँडी बेपत्ता. फॉक्सचा जीव जातो. उरलेला एक्स टोकियोच्या नारिता विमानतळाजवळच्या एका कॅप्सूल हॉटेलात, जेमतेम आडवं होता येईल अशा कप्प्यात दडून बसतो.

गिब्सनची ही कथा १९८४ मध्ये 'ऑम्नी' या अमेरिकन मासिकात आली, तेव्हा ती निव्वळ कल्पनेची भरारी नव्हती. दोनच वर्षं आधी, जून १९८२ मध्ये, आयबीएमची तांत्रिक गुपितं मिळवण्याच्या प्रकरणात हिताची आणि मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या माणसांना अमेरिकेत अटक झाली होती. एफबीआयने सिलिकॉन व्हॅलीत चक्क एक बनावट सल्लागार कंपनी थाटून सापळा लावला होता. पुढे १९९३ मध्ये जनरल मोटर्सचे खरेदीप्रमुख होसे इग्नासिओ लोपेझ फोक्सवागनला जाऊन मिळाले आणि जाताना गोपनीय कागद नेल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. १९९७ मध्ये तडजोड झाली, ती अशी : फोक्सवागनने १० कोटी डॉलर द्यायचे, शिवाय जनरल मोटर्सकडून १०० कोटी डॉलरचे सुटे भाग विकत घ्यायचे. एक माणूस या दारातून त्या दारात गेला, त्याची ही किंमत. फेराराचा चित्रपट आला तो या तडजोडीच्या दुसऱ्याच वर्षी. प्रेक्षकाला विषय समजावून सांगायचीसुद्धा गरज नव्हती.

तुमच्यापैकी कुणी हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरी करत असाल, तर ही गोष्ट आणखी जवळची वाटेल. आपल्याकडे नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये, अशी अट सहसा न्यायालयात टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम तिच्या आड येतं. राजीनामा द्या, नोटिशीचे दिवस भरा आणि निघा. गिब्सनच्या जगात हा दरवाजाच बंद आहे. तिथे बुद्धिमान माणसाला बाहेर पडायचं तर कुणीतरी पळवूनच न्यावं लागतं. केवढी भयंकर कल्पना आहे ही! आणि चित्रपटात तिची धग कुठेच लागत नाही.

धग लागणार तरी कशी? ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो हिरोशी आपल्याला दिसतो तो मुख्यतः चोरून टिपलेल्या, दाणेदार व्हिडिओ चित्रणातून. चित्रकार योशिताका अमानो यांनी ती भूमिका केली आहे. पण या माणसाला काय हवंय, कशाची भीती वाटतेय, तो सगळं सोडून का निघाला, काही कळत नाही. माराकेशचा संहार घडतो तोही नजरेआड. उरतात हॉटेलच्या खोल्या, बार, सोफे आणि पुटपुटल्यासारखे संवाद.

खोल्या आणि सोफे हा दोष नव्हे. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने १९६५ मध्ये 'अल्फाव्हिल' हा भविष्यकाळातला चित्रपट केला, तो खऱ्याखुऱ्या पॅरिसमध्ये, भविष्यातल्या शहराचा एकही देखावा न उभारता. 'प्रायमर' हा विज्ञानपट २००४ मध्ये साधारण सात हजार डॉलरमध्ये झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन गेला. हेरकथेला लागतो तो डाव. कुणाला काय माहीत आहे, कुणापासून काय लपवलंय, कुठली खेळी कुठे उलटू शकते, हे प्रेक्षकाच्या डोक्यात पक्कं असलं की दोन खुर्च्या आणि एक फोन एवढ्यावरही जीव टांगणीला लागतो. इथे डावच धूसर. मग तो उलटला तरी आपल्या काळजात काही हलत नाही.

वॉकनबद्दल मात्र मनापासून चांगलंच बोलावं लागेल. काठी टेकत चालणारा त्यांचा फॉक्स पैशापेक्षा डावाच्या नशेत जगणारा माणूस आहे. सँडीला हिरोशीपुढे कसं वागायचं याची तो तालीम देतो, तेव्हा चित्रपट काही मिनिटं खरंच जिवंत होतो. मोह पाडणं हेही एक शिकायचं कसब आहे, हे त्यातून अंगावर येतं.

आणि मग शेवटची वीस-पंचवीस मिनिटं. एक्स त्या कप्प्यात पडलाय आणि आपण आधी पाहिलेलीच दृश्यं, थोड्याफार फरकाने, पुन्हा पडद्यावर येत राहतात. हेतू मला कळतो. फसवला गेलेला माणूस आठवणी उकरतोय, सँडीने नेमकं कुठल्या क्षणी दगा दिला ते शोधतोय. पण दुसऱ्यांदा पाहताना एखादा इशारा, एखादं खोटं हाती लागायला हवं. पहिल्या खेपेला तशी पेरणीच झालेली नसेल, तर दुसऱ्या खेपेला उगवणार काय?

मूळ कथेत ती पेरणी आहे. सँडी आपला भूतकाळ दर वेळी वेगळा सांगते, आणि ऐकणाऱ्याला ते कळतंय, तरी तो ऐकत राहतो. शिवाय ती अख्खी कथा म्हणजे एक्सने सँडीला उद्देशून केलेलं बोलणं आहे. 'तू असं म्हणालीस, तू तेव्हा हसलीस,' या सुरात. त्या 'तू'मुळे काही पानांच्या कथेत प्रेम, संशय आणि मरणाची वाट पाहणं एकत्र नांदतं. चित्रपटाने तो आवाजच सोडून दिला. माझ्या मते सगळं बिघडलं ते तिथे. पडद्यावर हिरोशी दिसला नसता, माराकेश दिसलं नसतं, तरी चाललं असतं. सांगणारा हवा होता.

म्हणून मला वाटतं, या कथेची खरी जागा नभोवाणीवर आहे. कुणी तिची मराठी श्रुतिका करायला घेतली, तर फार सामग्री लागणार नाही. एक्सचा आवाज अगदी मायक्रोफोनजवळून. फॉक्सच्या काठीचा ठोका. सँडीचे संवाद दर वेळी जरा निराळ्या उच्चारात. आणि मधूनमधून डोक्यावरून जाणारं विमान, प्रत्येक वेळी थोडं अधिक खालून. हिरोशीला एकही वाक्य देऊ नये. त्याच्याबद्दल बाकीचे तिघं बोलतात, तेवढंच ऐकू यावं.